गणिताच्या पदवीला पगार कुणी दिला?

बारावी झालेलं पोर बी.एस्सी.ला गणित घ्यायचं म्हणालं की पेण-रोह्याकडच्या घरात पहिला प्रश्न येतो, "घे, पण पुढे काय? मास्तरकीच ना?" केमिस्ट्री घेतली तर धाटावची एम.आय.डी.सी. आहे, नागोठण्याचा प्रकल्प आहे, थळचा खत कारखाना आहे. गणिताचा कारखाना कुठे असतो? पेणमध्ये ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि दर जूनमध्ये हा प्रश्न पालकांच्या तोंडून ऐकला. निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा त्याचं उत्तर मी आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात शोधायला घेतलं. एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. गणिताच्या पदवीधराची नोकरी गणितातून आपोआप निघत नाही. कुठला तरी कायदा होतो, एखादी संस्था उभी राहते, सरकारला किंवा कंपनीला काहीतरी मोजण्याची गरज पडते, आणि मग मोजणारा माणूस लागतो. अशा प्रत्येक वाटेला एक जन्मसाल आहे. त्यातल्या काही मोठ्या वाटा रुंद करण्यात ज्याचा हात होता, तो माणूस रोह्याचा.

त्याच्याकडे येण्याआधी पदवी नव्हती तेव्हाचं थोडं सांगते, कारण ते मी घरात पाहिलं आहे.

माझे वडील रोह्याला भाताच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, त्या वेळची फायनल. सुगीला कुंडलिकेच्या दोन्ही अंगांच्या गावांतून भाताच्या गाड्या यायच्या. भाताला मापं पायली, मण, खंडी. पैशाला रुपया, आणा, पै. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पयांचा आणा. कागदावर हे गणित करायचं म्हटलं तर आजच्या पदवीधराला घाम फुटेल. वडील ते तोंडी करायचे, कारण त्यांना लहानपणी पंतोजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेतली होती. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन रुपये मणाचं भात अडीच मण आलं की त्यांच्या तोंडात औटकी सुरू व्हायची : दोन औट सात, वर अर्ध्या औटाचे पावणेदोन, झाले पावणेनऊ. पावणेनऊ म्हणजे आठ रुपये बारा आणे. वहीत आकडा पडेपर्यंत शेतकऱ्याच्या गाडीचं जूही उतरलेलं नसे. हे कौशल्य होतं, त्याला पगार होता, आणि त्यासाठी कॉलेज लागत नव्हतं. कुलकर्ण्याचं दप्तर, सावकाराची वही, मिठागराचा हिशेब, खोताच्या वाट्याची मोजणी, सगळं याच पाढ्यांवर चालायचं. त्या वहीपुढे बसलेल्या कुळाला मात्र पाढे येत नसत, आणि त्याचं काय व्हायचं हे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्याला माहीत आहे. १९३३ साली चरीच्या शेतकऱ्यांनी शेती न करण्याचा संप पुकारला तेव्हा भांडण वाट्याचंच होतं. मोजता येणं ही सत्ता होती.

पदवीचं गणित आपल्या भागात पहिल्यांदा पोटाला लागलं ते आकाशाच्या निमित्तानं. मुंबईला ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ साली कुलाब्याची वेधशाळा उभारली. जहाजांना वेळ हवी, होकायंत्राला चुंबकीय दिशा हवी. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या आणि त्या घ्यायला, त्यांची आकडेमोड करायला एतद्देशीय मदतनीस लागले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे तरुण वयात या वेधशाळेत लागले. प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली त्यांनी खगोल आणि गणित कामावरच शिकून घेतलं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली, म्हणजे केरूनानांकडे पदवी नव्हतीच. पण पदवीधराला जी वाट पुढे मिळाली ती त्यांनी आधी चालून दाखवली. आधी निरीक्षक, मग शिक्षक, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. नागावच्या नारळी-पोफळीतून निघालेला पोरका मुलगा आकडेमोडीवर एवढा वर जातो, ही आमच्या जिल्ह्यानं मुलांना सांगायची पहिली गोष्ट आहे आणि आपण ती सांगत नाही.

वेधशाळेतल्या बाकीच्या निरीक्षकांची नावं कुणाच्या ओठांवर नाहीत. पण त्यांचं काम पाहा. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून उठलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्याला माणसं उपकरणाच्या दुर्बिणीला डोळा लावून आकडे टिपत होती. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यांच्या वहीत उतरली. २००३ साली शास्त्रज्ञांनी त्या वादळाची तीव्रता नव्यानं काढली ती कुलाब्याच्या याच नोंदींवरून, आणि त्या शोधनिबंधाच्या लेखकांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले आपले शास्त्रज्ञही होते. दीडशे वर्षांनी उपयोगी पडलेला आकडा! नोंद प्रामाणिकपणे, ठरल्या वेळी आणि कंटाळा न करता केली तरच असं घडतं.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेचे प्रवाह शेजारी आले की चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस हे त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी एक नेटकी गोष्ट केली. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जुळवता येईल. गणित कळणारा अधिकारी असला की हे सुचतं. अलिबागला मी बी.एस्सी.ला होते तेव्हा आमच्या सरांनी आम्हाला ही वेधशाळा दाखवली. आत जाण्यापूर्वी घड्याळं, किल्ल्या, लोखंडी पिना काढून ठेवायला लावल्या. बांधकामासाठी पोरबंदरहून आणलेला, लोखंडाचा अंश नसलेला दगड. मला तिथं पहिल्यांदा कळलं की गणिताला घरसुद्धा वेगळं लागतं. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, इथं नोकरी मिळते का? मिळते, पण जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, असं उत्तर आलं.

तेव्हा उरली मास्तरकी. तिला कमी लेखणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, पण ती एकटीच वाट होती हेही खरं. टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं त्यात त्यांनी शिकवलं, आणि १८९० पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घेतले. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. सरकारी खात्यात त्यांना हवी ती खुर्ची मिळाली असती. ते परत आले ते फर्ग्युसनमध्ये महिना पंचाहत्तर रुपयांवर शिकवायला. डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर फर्ग्युसनमधून बी.एस्सी. होऊन १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर राहिले. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक आज जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, निदान दोन अंक वेगळे असावेत, अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, हेच करत राहा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येऊन थांबते. माझ्या वर्गात गणिताला घाबरलेली मुलं फळ्यापर्यंत आली ती या आकड्यामुळे. शाळेच्या पगारावर राहून माणूस जगाला काय देऊ शकतो याचं हे उदाहरण. पण शाळेचा पगार त्यांना पुरत होता का, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी मला विचारला तर मी तो टाळत नाही. पेन्शनमध्ये त्यांचं भागत नव्हतं, शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले.

आता रोहा.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी जन्मले. वडील वकील, मूळ घर रोह्याचं, बालपण बरंचसं इथंच गेलं. त्यांच्या जन्माआधी चारच महिने, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनायक नरहर भावे जन्मले होते. ते विनोबा. एकाच जिल्ह्यात चार महिन्यांच्या अंतरानं जन्मलेली ही दोन मुलं, आणि गणिताचं खरं वेड होतं ते विनोबांना. ईश्वरानंतर आपल्याला गणित प्रिय, असं ते सांगत. बडोद्याला शिकताना १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीची गाडी धरली. प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत घातली होती. गणिताची नोकरी करायची नाही हे त्यांनी ठरवलं, गणित मात्र सोडलं नाही. १९५१ साली भूदान सुरू झाल्यावर पाच कोटी एकरांचं उद्दिष्ट आलं ते भागाकारातून : देशातली लागवडीची जमीन सुमारे तीस कोटी एकर, घरात पाच मुलं असतील तर मला सहावा समजा, म्हणून सहावा हिस्सा. ही मागणी ऐकणाऱ्या खेडुताला पाटी-पेन्सिल लागत नव्हती.

चिंतामणराव गणिताचे नव्हतेच. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र घेतलं, आय.सी.एस.मध्ये पहिले आले. तरी गणिताच्या पदवीधरांवर या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याचे जेवढे उपकार आहेत तेवढे महाराष्ट्रातल्या फार थोड्या गणितज्ञांचे असतील. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४५ साली, बँकेनं संशोधन आणि सांख्यिकीचं स्वतंत्र खातं काढलं. त्याच वर्षी ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १९६४ पर्यंत राहिले. ही संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. पण महालनोबिसांना दिल्लीत ज्यांचा आधार होता त्यांत हे नाव ठळक. १ जून १९५० रोजी चिंतामणराव अर्थमंत्री झाले आणि ऑक्टोबरात राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. कल्पना महालनोबिसांची, पाठबळ पंडित नेहरूंचं. खजिन्याच्या किल्ल्या मात्र या रोहेकराकडे होत्या.

नमुना पाहणी म्हणजे काय ते मी पुस्तकात वाचण्याआधी भाताच्या खाचरात पाहिलं. कोलाडकडे माझ्या मामांची जमीन होती. एका दिवाळीच्या सुट्टीत, कापणीच्या दिवसांत, तलाठी आणि शेतकी खात्याचे एक साहेब आले. साहेबांच्या हातात आकड्यांचा तक्ता होता. त्यातून एक संख्या काढून ते बांधाच्या कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूनं तितकी पावलं चालले, दुसरी संख्या काढून रुंदीच्या बाजूनं. जिथं थांबले तिथं खुंटी. दोरीनं चौकोन आखला आणि तेवढंच भात कापून, झोडून, वाऱ्यावर धरून तोललं. त्या ठिकाणी पीक विरळ होतं. मामा म्हणाले, "साहेब, चार पावलं पुढे या, तिकडे बघा कसं झालंय!" साहेबांनी मान हलवली. जिथं आकडा सांगेल तिथंच. आजीला हा अपमान वाटला. मला मात्र साहेबांचा हट्ट आवडला. पुढे एम.एस्सी.ला यादृच्छिक निवड शिकताना डोळ्यांपुढे तो चौकोन होता. चांगलं पीक निवडून दाखवायची मुभा मिळाली की सरकारला जिल्ह्याचा आकडा खोटा मिळतो, आणि मग दुष्काळात धान्य कमी येतं.

या कापणी प्रयोगामागेही एक मराठी गणिताचा पदवीधर आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ साली फर्ग्युसनमधून गणित मुख्य विषय घेऊन बाहेर पडले, लंडनला सांख्यिकीत डॉक्टरेट केली आणि १९४० नंतर दिल्लीच्या शेतकी संशोधन परिषदेत दाखल झाले. वि. गो. पानसे यांच्या जोडीनं त्यांनी पिकाच्या अंदाजाची पद्धत बसवली. चौकोन ३३ फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा हिस्सा. महालनोबिस लहान वर्तुळं कापत. लहान तुकड्यात कडेवरचं रोप आत घ्यायचं की बाहेर सोडायचं यात माणसाचा हात आत घेण्याकडे झुकतो आणि उत्पन्न फुगतं, असा सुखात्म्यांचा आक्षेप. या वादात दोघांची मनं दुखावली. पण वाद कुठल्या गोष्टीवर होता ते पाहा : बांधावर बसलेल्या माणसाचा विळा कुठे पडतो यावर. गणिताचा पदवीधर इतका शेतात उतरला होता. सुखात्मे पुढे १९५१ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले.

विम्याची वाट त्याहून जुनी. किती वयाचे किती लोक वर्षात मरतात याचा तक्ता हाती असेल तरच हप्ता ठरवता येतो. मुंबईत १८७० च्या दशकापासून देशी विमा कंपन्या निघत होत्या, पण १९१२ च्या कायद्यानं खरा फरक पडला. हप्त्यांचे तक्ते आणि कंपनीचं ठराविक मुदतीचं मूल्यांकन यांवर ॲक्चुअरीची सही सक्तीची झाली. एका कलमानं गणिताला एक धंदा दिला. मुंबईतली हुशार गणितवाली मुलं विमा कंपनीत लागून रात्री लंडनच्या संस्थेच्या परीक्षांना बसू लागली. पेण-रोह्यापर्यंत हे पोचलं नव्हतं. आमच्याकडे विमा म्हणजे मुंबईच्या कुठल्या तरी कंपनीचा एजंट, आणि ती कंपनी बुडाली की विधवेच्या हाती कागद.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की आयुर्विम्याचा कारभार सरकारनं ताब्यात घेतला आहे. लहानमोठ्या एकंदर २४५ कंपन्या आणि सोसायट्या एका छत्राखाली आल्या. त्याआधी, १ जुलै १९५५ ला, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली होती आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचं बंधन कायद्यानंच तिच्यावर घातलं होतं. आयुर्विमा महामंडळ प्रत्यक्ष सुरू झालं १ सप्टेंबर १९५६ रोजी. तोवर चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला होता. महाराष्ट्र त्यांना या राजीनाम्यासाठी ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण त्याआधीच्या अठरा महिन्यांत त्यांच्या खात्यानं जे केलं त्याच्यावर माझ्या पिढीची घरं चालली, हे कुणी फारसं बोलत नाही.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९५५ च्या नाणे-दुरुस्ती कायद्यानं रुपयाचे शंभर पैसे ठरले आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे चलनात आले. पाठोपाठ १९५८ पासून मण-शेर जाऊन किलो आले. सोळा आणे गेले, चाळीस शेर गेले, आणि औटकी-अडीचकीचं व्यवहारातलं काम संपलं. वडिलांना हा बदल जड गेला. त्यांनी बरीच वर्षं आकडा मनात आण्यांत काढायचा आणि वहीत पैशांत लिहायचा असं केलं. देशाला दशमान हवंच होतं. पण तोंडी हिशेबाचं जे शिक्षण पंतोजीच्या शाळेतून फुकट मिळत होतं त्याच्या जागी शाळांनी तितक्या कसाचं दुसरं काही दिलं नाही, असं मी शिक्षिका म्हणून म्हणेन. माझ्या वर्गात सव्वा आणि दीड यांचा गुणाकार करताना मुलं कॅल्क्युलेटर शोधायची.

मी दहावीच्या पहिल्या बॅचची, १९७५ ची. त्या आधी अकरावीला मॅट्रिक होई. नव्या आकृतिबंधात अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात गेली आणि तालुक्यातालुक्यांत गणिताच्या शिक्षकांची एकदम गरज पडली. पुन्हा तेच : वाट सरकारच्या एका निर्णयातून उघडली आणि मी त्या वाटेनं आत आले. मुलीनं शिक्षिका व्हावं याला घरातून विरोधही नव्हता. माझ्या वर्गातली मुलं दुसरीकडे गेली. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर शाखा भराभर वाढल्या होत्या आणि भरती लेखी परीक्षेनं होऊ लागली होती. त्या परीक्षेत अंकगणित आणि तर्क. गणितवाल्याला घरचं मैदान. एक मित्र महामंडळात लागला, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाला. एकीनं मुंबईला स्टेट बँकेत क्लार्क म्हणून सुरुवात केली आणि मोठ्या पदावर गेली. एक जण नमुना पाहणीच्या खात्यात तपासनीस झाला. वर्षाचे कित्येक महिने तो अनोळखी गावांत घरोघर फिरून महिन्याला किती तांदूळ, किती तेल, किती रॉकेल हे विचारत असे. तो सांगायचा, आपल्याकडची बाई तांदूळ किलोत सांगत नाही, पायलीत नि शेरात सांगते; आधी तिचं माप तोलून घ्यावं लागतं, मग प्रश्न. या तिघांनीही कॉलेजातलं विकलन-संकलन पुढे वापरलं नाही. वापरलं ते शिस्तीनं विचार करणं आणि आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासणं.

सगळ्यांना जिल्हा सोडावा लागला, ही मात्र सल आहे. १९८६ साली आपटा ते रोहा रेल्वे झाली. रोह्याची गाडी पेणवरून पनवेल-दिव्याला जोडली गेली आणि जाणं-येणं सोपं झालं, पण जाणं होतंच. १९९८ साली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरपर्यंत पूर्ण सुरू झाली. इथल्या कारखान्यांत रसायनवाल्यांना घराजवळ काम मिळालं. त्याच कारखान्यांत मालाची प्रत राखायला सांख्यिकी लागते, पण ती जागा बहुधा अभियंत्याला जाते.

अलीकडचं थोडक्यात. २००० साली खासगी विमा कंपन्यांना दार उघडलं, २००६ ला ॲक्चुअरींचा कायदा आला आणि ती परीक्षा आता घरात बसून तयारी करता येते. संगणकाच्या कंपन्या गणितवाल्याला घेतात. विदा विश्लेषण म्हणून जे चाललं आहे त्याचा पाया नमुना, संभाव्यता आणि मॅट्रिक्स, म्हणजे आमचाच अभ्यासक्रम. माझ्या दोन विद्यार्थिनी ॲक्चुअरीच्या परीक्षा देत आहेत, एक पेणहून, एक वाशीहून. त्यांच्या आयांना मी तो १९१२ चा कायदा आणि १९५६ ची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे चेहरे खुलले, कारण मुलगी नवीन काहीतरी भलतंच करते आहे ही भीती गेली.

पण मला आता आस आहे ती मोजणारा माणूस इथं राहून इथलं मोजेल याची. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत गणपतीच्या कारखान्यांवर वर्षभर हजारो हात चालतात. माती, साचे, रंग, आखणी. डोळे लिहिणारा कारागीर वेगळा. या धंद्यात किती माणसं, किती बायका, किती महिने काम, कर्ज कुणाकडून, माल गेल्यावर पैसे किती दिवसांनी, यातलं सगळं सांगोवांगी. पाहणीची रीत तर महालनोबिस आणि सुखात्मे घालून गेले आहेत. यंदा गणेशोत्सव आटोपला की बी.एस्सी.ची काही मुलं आणि मी कारखान्यांची पुरी यादी करणार आहोत आणि यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून त्यातले कारखाने निवडणार आहोत. ओळखीच्या कारखानदाराचं नाव निघालं नाही तर त्याच्याकडे जायचं नाही, हे मुलांनी आधीच मान्य केलं आहे. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा तयार आहे. पहिला प्रश्न ठरला : कारखान्यात आज कामावर किती जण. दुसऱ्यावर वाद चालू आहे, मजुरी रोजावर विचारायची की नगावर, कारण रंगकामाला एक रीत आणि आखणीला दुसरी, असं जोह्याचा विद्यार्थी म्हणतो आणि त्याच्या घरी कारखाना आहे.